आईच्या लुगड्यातले बोंबील

मालू,

मी नौपाड्याला आत्याकडे जातोय. तुम्ही सगळे झोपलेलात, म्हणून उठवलं नाही.

अलिबागला मजा आली, तुझी पोरं रेतीत हुंदडली, ते खरं. पण येताना एसटीत वास सुटू नये म्हणून तू सुके बोंबील आईच्या लुगड्यात बांधलेस. घरी पिशवी उघडली आणि मला शिसारी आली. जन्मभर बोंबील खाल्ले, पण काल घास उतरला नाही. ते लुगडं म्हणजे जुनेर नव्हतं गं. आई गेल्यापासून मी ते उशाशी घेऊन झोपतो, म्हणून तिकडेही नेलेलं. त्याला तिचा वास होता. मी सांगितलं नव्हतं, तरी तू विचारायचं होतंस.

आता घाईने ते धुऊ नकोस. साबण तर अजिबात नाही. गॅलरीतही टाकू नकोस, कारखान्यांची घाण त्यात बसेल. आतल्या दोरीवर पसर. बोंबील कुणालाही देऊन टाक, माझ्या डोळ्यांसमोर नकोत.

बोंबलांचा वास गेला की निरोप पाठव, मी येतो. तिचाही गेला असेल, तर मला सांगू नकोस.

दादा