मुचानेता का चावतो: काही निरीक्षणे

मंगळवार, १ ऑक्टोबर
मुचानेता आज पुन्हा चावला. तिसरी वेळ. या वेळी पाववाला. त्याची बाजूही नोंदवतो: तो फाटकाबाहेरच होता, फक्त हात आत होता.

बायको म्हणाली, शनिवारी सव्वीसला तारिरोच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडचा मध्यस्थ येणार. तोवर कुत्रा ताळ्यावर आला नाही तर बोलणी माझ्या धाकट्या भावाकडे, चितुंगविझाला. तारीख पुढेही ढकलता येणार नाही, नोव्हेंबरात आपल्यात कुणी लग्नाचं बोलत नाही.

मी थोरला. माझ्या मुलीची बोलणी धाकट्याच्या अंगणात होणार नाहीत. मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो आहे. कुत्रा का चावतो हे शोधायला पंचवीस दिवस पुष्कळ झाले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
पहिलं अनुमान: मांस. हाडं बंद, फक्त मक्याच्या पिठाचा सादझा आणि पालेभाजी. दुपारी त्याने माझ्या वहाणेचा पट्टा खाल्ला. चामडं हेही मांसच, त्यामुळे प्रयोग दूषित झाला. पुन्हा पहिल्यापासून.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
दुसरं अनुमान: दुखणं. जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉ. माकोन्या, वयाने लहान, पण बाई हुशार वाटली. दात ठीक, कान ठीक. मग म्हणाली, घरी हाक मारता तशी मारून दाखवा. मी मारली. तो टेबलावरून उडाला आणि तिच्या स्टेथोस्कोपची नळी तोडली.

तिने सांगितलं, तुम्ही त्याच्याशी कसं बोलता त्याकडे लक्ष द्या.

पटलं. मी फार मऊ बोलतो. उद्यापासून आवाज चढवणार.

शनिवार, १२ ऑक्टोबर
शेजारच्या ग्वातिझोच्या टाकीचं पाणी पुन्हा माझ्या टोमॅटोत. ही टाकी त्याने आमच्या सामाईक भिंतीला चिकटवून बांधली, त्याच आठवड्यात मी पिल्लू आणलं. नाव विचारपूर्वक ठेवलं: मुचानेता, म्हणजे 'दमाल तुम्हीच'. नाव कुत्र्यासाठी नव्हे, हे उघड आहे. आपल्याकडे शेजाऱ्याला जे तोंडावर सांगता येत नाही ते कुत्र्याला हाक मारून सांगतात. सभ्य रीत आहे. ग्वातिझोने उत्तरादाखल कुत्रा आणला, हातिनेती. 'आम्ही नाही दमत.'

आज भिंतीशी उभा राहून मी मुचानेताला अकरा हाका मारल्या. नव्या आवाजात. तो भिंतीवर चढायला लागला, तोंडाला फेस. पलीकडून ग्वातिझोने त्याच्या कुत्र्याला एकच हाक मारली, तीही हसत. त्याचा कुत्रा पोट वर करून लोळला. कणा नसलेलं जनावर.

तिसरं अनुमान: वाईट शेजार.

बुधवार, १६ ऑक्टोबर
एक विसंगत निरीक्षण. तारिरो मागच्या पायरीवर बसून मुचानेताच्या गोचिड्या काढत होती. त्याचं डोकं तिच्या मांडीवर, डोळे मिटलेले. ती त्याला सोन्या म्हणते. कधीपासून, विचारलं. म्हणाली, पिल्लू होता तेव्हापासून.

मग गोचिडी चिरडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही हाक मारता ना, तेव्हा त्याला वाटतं कुठंतरी भांडण लागलंय आणि तुम्हाला एकट्याला झेपत नाहीये."

आपण चूक असू शकतो हे मी नेहमी गृहीत धरतो. म्हणून संध्याकाळभर पेन्सिल घेऊन यावर विचार केला. फेटाळलं. कुत्र्याला टाकीचं प्रकरण ठाऊक असणं शक्य नाही. शिवाय गोचिड्या काढणं ही लाच आहे. निरीक्षण वगळलं.

रविवार, २० ऑक्टोबर
बायकोचा प्रस्ताव: आठवडाभर नाव घ्यायचं नाही. मी विचारलं, मी गप्प बसलो तर ग्वातिझो काय समजेल? ती म्हणाली, दमलात असं समजेल, समजू दे, तारिरोचे बाबा, दमलाच आहात.

तरी निःपक्षपातीपणा म्हणून चर्चहून आल्यावर तीन तास एकही हाक मारली नाही. कुत्रा झोपला. ऑक्टोबरचं ऊन फार आहे.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर
उद्याची व्यवस्था. तारिरो कुत्र्याला स्वयंपाकघरामागे खांबाला बांधणार. मी तिकडे फिरकायचं नाही. त्याचं नाव उच्चारायचं नाही. बायकोने माझ्याकडून हे लिहून घेतलं आणि खाली सही. मी सही केली, पण खाली टीप जोडली की हे मत मला मान्य नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर, संध्याकाळी
घाईत लिहितो.

मध्यस्थ चिवेशे दहाला आले. सूट, हॅट, छत्री. रीतीप्रमाणे त्यांना लगेच आत घेतलं नाही. ते फाटकाशी टाळ्या वाजवत थांबले, माझे पुतणे रीतीप्रमाणे काठ्या घेऊन त्यांच्यामागे धावले, तेही रीतीप्रमाणे पळाले. सगळे हसत होते. मागे कुत्रा शांत. सगळं नियोजनानुसार चाललं होतं.

तेवढ्यात भिंतीवरून ग्वातिझो म्हणाला, "मास्तर, पाहुण्याला आत घ्या की. का त्यांच्याशीही भांडण काढलंत?"

मी उत्तर दिलं. एकाच शब्दात. प्रामाणिकपणे लिहायचं तर दोनदा.

खांब उपटला गेला. मुचानेता कोपऱ्यावरून आला तेव्हा अंगणात एकच माणूस पळत होता. कुत्रा थांबावा म्हणून मी त्याला नावाने हाक मारली. त्याने चिवेशेंची पोटरी धरली. आणखी मोठ्याने मारली. पोटरी सोडून त्याने पँट धरली. मी एकूण सात हाका मारल्या. चावे आठ. या दोन आकड्यांचा संबंध जोडण्याची घाई मी करणार नाही.

चिवेशे मातीत पडल्या पडल्या म्हणाले, "पळायची रीत मला माहीत होती. ही कुणी सांगितली नव्हती."

मग तारिरो म्हणाली, सोन्या, ये. तो गेला. तिच्या पायाशी बसला. ती रडत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

ग्वातिझो भिंतीवरून उडी मारून आला. पन्नाशीच्या माणसाने हे करू नये. चिवेशेंना त्याने आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं आणि तीन तासांनी परतही आणलं. पण ते माझ्या फाटकातून आत यायला तयार होईनात. चितुंगविझाला जायला उशीर झालेला. शेवटी बोलणी ग्वातिझोच्या बैठकीत झाली. मुलीचा बाप म्हणून मी त्याच्या सोफ्यावर बसलो. सोफा चांगला आहे, हे नोंदवलं पाहिजे. हातिनेती माझ्या पावलावर झोपला. पाहुण्यांसमोर पाय काढून घेता आला नाही.

लग्न ठरलं. सगळं मानपानाने झालं. मुलाकडच्यांनी एकच गोष्ट जास्तीची मागितली: कुत्रा मुलीबरोबर येईल.

रविवार, ३ नोव्हेंबर
बोलणी पुरी झाली की आपल्यात मुलगी सासरची; तारिरो आणि कुत्रा ग्वेरूला सासरी जाऊन पाच दिवस झाले. फोनवर म्हणाली, सोन्या कुणाला चावला नाही, सासऱ्यांच्या खुर्चीखाली झोपतो. ग्वेरूची हवा थंड आहे. हवामान हे अनुमान मी सुरुवातीलाच घ्यायला हवं होतं. आता नमुनाच हाताशी नसल्याने संशोधन थांबवतो आहे. पराभूत होऊन नव्हे.

परवा पाण्याच्या मीटरचा माणूस आला होता. नवा आहे. फाटकाबाहेर उभा. बायकोने सांगितलं, या आत, आमच्याकडे आता कुत्रा नाही. तो हलला नाही. त्याने विचारलं, मास्तर घरी आहेत का? ती म्हणाली, आहेत.

तो म्हणाला, मग मी उद्या येतो.