स्पेशलला काय घेतलं?

अण्णा,

तुमची नात तुमच्याच कॉलेजात शिकते. तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षांनी ती झाली, त्यामुळे तिला तुम्ही फक्त फोटोतले माहीत, आणि तुम्हाला ती माहीत आहे की नाही ते देव जाणे. पहिलं वर्ष पार पडलं. त्यात तीन विषय होते, रसायन, गणित आणि संख्याशास्त्र. आता दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मुख्य म्हणून धरायचा, त्याचीच पदवी मिळते. त्याला हल्ली मेजर म्हणतात. मला मेजर म्हटलं की ऑपरेशनच आठवतं. तुमच्या वेळी मुली 'स्पेशल' म्हणायच्या. गेला आठवडाभर आमच्या घरात दुसरं बोलणं नाही. तिचे बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुम्ही मायलेकी काय ते ठरवा, मला त्यातलं कळत नाही," आणि मग रोज जेवताना त्यातलंच बोलत राहिले. ती मात्र मला विचारत होती. "आई, तू मनापासून हो म्हण, मग मी फॉर्म भरते." दहावी झालेल्या बाईच्या होकारावर पदवीचा विषय अडून बसला होता. बिबवेवाडीत दुपारीसुद्धा रिक्षांचा आवाज थांबत नाही, पण देवघराशी बसलं की तो फार लांबून आल्यासारखा वाटतो. तिच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं मी काढून ठेवलेली असतात, त्यांवर हे लिहिते आहे.

डोळे मिटले की तुमची प्रयोगशाळा दिसते. शनिवारी शाळा सकाळची असायची आणि आई तुमचा डबा माझ्याकडे द्यायची. सदाशिव पेठेतून चालत यायचं, दगडी जिना चढायचा, जड दार खांद्यानं ढकलायचं. आधी वास यायचा, गॅसचा, ओल्या लाकडाचा, कुजक्या अंड्यांचा, आणि मग हळूहळू डोळ्यांना उजेड सापडायचा. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरायचं आणि बाटल्यांच्या आरपार जायचं. मोरचुदाचा निळा रंग टेबलावर सांडलेला असायचा. पुसायला गेलं तर हाताला लागायचा नाही, कारण तो नुसता उजेडच असायचा. पांढरे कोट घातलेल्या मुली वेण्या मागे टाकून निळ्या ज्योतीवर नळी धरून उभ्या आहेत, कोणी बोलत नाही, कुठेतरी नळ ठिबकतो आहे. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते, पाय जमिनीला पुरत नाहीत, आणि मला वाटतं, गाभाऱ्यातही असंच शांत असायला हवं होतं, तिथे उगाच घंटा वाजवतात.

तिथे तुम्ही 'मामा' होतात. "मामा, नळी फुटली." "मामा, सर चिडलेत का हो?" अख्ख्या कॉलेजचे मामा. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा एका मुलीला मी ठणकावून सांगितलं, "ते मामा नाहीत, माझे वडील आहेत." ती हसली. तुम्ही नाही हसलात. घरी येताना वाटेत म्हणालात, "असं पुन्हा बोलायचं नाही. त्या मामा म्हणतात म्हणून मला त्यांना दोन शब्द विचारता येतात. नाहीतर मी कोण? बाटल्या धुणारा माणूस." आणि तुम्ही खरंच विचारायचात. वर्ष सुरू झालं की प्रत्येक जुन्या मुलीला तुमचा एकच प्रश्न, "काय ताई, स्पेशलला काय घेतलं?" ती केमिस्ट्री म्हणाली की तुमचा चेहरा खुलायचा, कारण ती आता तुमच्याकडेच राहणार. बॉटनी म्हणाली तर, "असू दे, असू दे, फुलंपानंही लागतातच की," असं म्हणायचात, जसं काही तिला जरा लांबचं सासर मिळालं.

माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही पेढे आणलेत, देवापुढे ठेवलेत आणि माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलंत. काचेचं नरसाळं होतं. काठाचा टवका उडाला म्हणून कॉलेजनं बाजूला काढलेलं, सरांना विचारून आणलेलं. "मॅट्रिक झालीस," म्हणालात. मी ते खिडकीकडे धरलं, भिंतीवर एक लहानसा रंगीत पट्टा हलला. मला वाटलं, आता विचाराल. काय घ्यायचंय, पुढे काय व्हायचंय. तुम्ही पाणी प्यायलात आणि आईला म्हणालात, "समईत तेल ओतायला बरं पडेल." बरं पडतं खरंच, अजून पडतं. मी रागावले नव्हते, अण्णा, आताही नाही. आपल्याकडे मुलीला विचारायची पद्धत नव्हती, आणि थोड्या वर्षांत लग्न होऊन मी इकडे आले. पण दुसऱ्यांच्या इतक्या मुलींना विचारणाऱ्या माणसाला घरी तो प्रश्न सुचला कसा नाही, हे मला भाजी निवडताना अधूनमधून वाटतं. वाटतं आणि जातं.

तुमची एक सवय मात्र माझ्या हातात राहिली. तुम्ही शिकवलं होतंत, बाटलीला नाक लावायचं नाही, हातानं वारा घालून वास आपल्याकडे बोलवायचा. मी ते थेट स्टोव्हशी नेलं. सणाच्या पुरणावर हात हलवत उभी राहिले तेव्हा आई ओरडली होती, नैवेद्य दाखवायच्या आधी वास घेतेस म्हणून. तुम्ही दारातून म्हणालात, "ती कुठे गेली वास घ्यायला? वासच आला तिच्याकडे." आई म्हणाली, "कॉलेजात बाटल्या धुताधुता वकिलीही शिकलात वाटतं!" तर मागच्या आठवड्यात मी आमटीवर तसाच हात हलवत होते आणि मुलगी दारात थबकली. "आई, हे तुला कोणी शिकवलं? आम्हाला पहिल्या प्रॅक्टिकलला सेम हेच शिकवलं." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी." आणि माझ्या मनानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ती रसायन घेणार. तोच जिना, तेच दार, त्याच खिडकीशी माझी मुलगी पांढरा कोट घालून उभी, आणि टेबलावर निळा उजेड. आमटी उतू जाईपर्यंत मी ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, मला संख्याशास्त्र घ्यायचंय." वर्षभर त्या विषयाला तिच्या तोंडून 'स्टॅट' एवढंच ऐकलं होतं, आणि हे नाव कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, हे ते जन्मतारखेवरून नशीब सांगतात, नावात एक अक्षर वाढवायला लावतात, ते. देवाधर्माची मी, पण ते माझ्या मनाला कधी पटलेलं नाही. तरी मुलीचं मन मोडू नये म्हणून भजनाला गेले तेव्हा शेजारणीला कौतुकानंच सांगितलं. तर त्या संध्याकाळी दारात हजर, हातात कागद. "आमच्या मुलानं नवी गाडी घेतलीय. नंबर लाभतोय का तेवढं बघ गं बाळा." मुलीनं माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "काकू, हेल्मेट लाभेल," म्हणाली. शेजारीण गेल्यावर मात्र तिला हसू आवरेना. "आई, ते अंकज्योतिष! मी स्टॅटिस्टिक्स म्हणतेय, स्टॅटिस्टिक्स!"

जेवताना तिच्या बाबांनी विषय काढलाच. "ते शिकून होणार काय? बँकेत घेतात?"

"घेतात. विम्यात घेतात, औषधांच्या कंपन्यांत घेतात. डेटाचं काम सगळीकडेच असतं, बाबा."

"डेटा तर रिचार्जबरोबर फुकट मिळतो."

"अहो, तिला बोलू तरी द्या," मी म्हटलं. पण मग मीच म्हणाले, "रसायन चांगलं असतं गं. आपल्या घरात आहे ते." तिचा घास हातात राहिला. म्हणाली, "मला लॅबमध्ये उभं राहिलं की घरी कधी जाते असं होतं, आई. तू म्हणालीस तर घेईन. पण तसं घेईन." हे 'तसं घेईन' मला फार लागलं. तुम्ही बॉटनीवालीला 'असू दे' म्हणायचात त्यातलं ते नव्हतं. माझ्या लग्नाच्या आधी सगळ्यांनी विचारलं, मुलगा पसंत आहे ना, तेव्हा मी ज्या आवाजात हो म्हटलं होतं, तो आवाज होता. माझं नशीब बरं निघालं, माणूस चांगला निघाला. पण आवाज तोच.

झाकपाक करताना मी तिला विचारलं, "आवडतं म्हणजे काय आवडतं त्यात?" ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सिलिंडरकडे बोट दाखवलं. मी नवा सिलिंडर लावला की त्यावर खडूनं तारीख घालते, तुम्हाला माहीत नाही, तुमच्या वेळी आपल्याकडे स्टोव्ह होता. "लहानपणी मी तुला विचारायचे, हा कधी संपेल? आणि तू छताकडे बघून सांगायचीस. श्रावण आहे, उपासाचं तळण होईल, पाहुणे येतील, तेव्हा संकष्टीच्या मागेपुढे. आणि मागेपुढेच संपायचा. चुकलीस तर म्हणायचीस, थांब, कुठे चुकलं बघू. मला ती जादू वाटायची. कॉलेजात सरांनी पहिल्या तासाला फळ्यावर 'अंदाज' असा शब्द लिहिला ना, मला एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं. अंदाज कसा बांधायचा आणि तो किती चुकू शकतो ते शिकायचं, एवढंच आहे ते."

अण्णा, माझा हात पाण्यात तसाच राहिला. मी इतके दिवस तिला तुमच्या जिन्यानं वर नेऊ बघत होते, आणि ती माझ्या ओट्यापासून निघाली होती. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं की मी जे छताकडे बघून बोलते त्याचं कॉलेजात पुस्तक असतं. त्याची पुढे नोकरी होते की नाही, कुठल्या इमारतीत, कुठल्या गावात, मला काहीच दिसत नाही. रसायन म्हटलं की मला खिडकी दिसत होती, टेबल दिसत होतं. हिच्या विषयाकडे बघितलं की नुसतं धुकं, आणि त्या धुक्यात ती खुशाल चालते आहे. ती अकरा-बारा वर्षांची असताना पर्वतीच्या पायऱ्या अशीच पुढे पळत चढायची आणि मी खालून हाका मारायचे. मी हात पुसले आणि म्हटलं, "घे. मनापासून हो म्हणते." तिनं माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, खरं आहे ना ते पाहायला. मग मला मिठी मारली, ओल्या पदरासकट.

तिच्या बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर खाली न करता म्हणाले, "बरं झालं. आता निदान सिलिंडर तरी वेळेवर मागवला जाईल." म्हणजे त्यांचाही होकार झाला.

आज सकाळी तिनं फॉर्म भरून टाकला, फोनवरच, चहा पिता पिता. कुठे रांग नाही, काही नाही. मग नवी चप्पल घालून निघून गेली. पत्र हे पाठवायचं नव्हतंच, म्हणूनच एवढं लांबलं. कार्डाचे पैसे पडले असते तर मी चार ओळींत उरकलं असतं. एवढंच सांगायचं राहिलं, की ती गेल्यावर मी देवापुढे साखर ठेवली आणि हात जोडले. तिच्यासाठी मागायचं म्हणून उभी राहिले होते. तोंडून आलं, "मला". आणि पुढे काय मागायचं ते काही केल्या सुचेना, अण्णा. तशीच उभी राहिले, लाजल्यासारखी, आणि हात खाली घ्यावेसेही वाटेनात.