पोटाची तीन कोटेशन्स

२ सप्टेंबर, सोमवार
ऑफिसची लिफ्ट बिघडली आहे. मी आत पाऊल टाकलं आणि ओव्हरलोडची घंटी वाजली. आत सात जण. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. शेवटी अकाउंट्समधला काडी बाहेर पडला. हा माणूस इतका बारीक की त्याची सावली उन्हालाही शोधावी लागते. तो उतरला तरी घंटी चालूच. म्हणजे दोष लिफ्टचाच. मेंटेनन्सला लेखी तक्रार दिली आणि जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर नोटीस बोर्ड वाचला. दोनदा.

३ सप्टेंबर, सकाळी ७
निर्णय झाला. पोट काढून टाकायचं.
व्यायाम नाही. व्यायाम हा रिकामटेकड्यांचा उद्योग. मेहुणा चार वर्षं रोज धावतोय. कमावलं काय, तर दुखरा गुडघा. आपण कॉस्मेटिक सर्जरी करणार. बॉडी कॉन्टूरिंग. नळी घालतात, चरबी ओढतात, खेळ खलास. पंपाच्या कारखान्यात बावीस वर्षं खरेदी विभाग सांभाळतोय, सक्शन म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.
हिला सांगितलं. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, बरं.
पाठिंबा आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार
तीन कोटेशन्स आली. तीन कोटेशन्सशिवाय मी साधा स्क्रू घेत नाही.
राजधानीतलं हॉस्पिटल: चार लाख ऐंशी हजार. आमच्या शहरातलं: तीन लाख दहा. सहा तासांवरच्या एका लहान गावातलं: एक लाख चाळीस. चरबी तीच, नळी तीच, पोटही माझंच. मग फरक कशाचा? लॉबीतल्या संगमरवराचा!
राजधानीतल्या बाई फोनवर सारख्या 'तुमचा सौंदर्याचा प्रवास' म्हणत होत्या. मी विचारलं, प्रवासखर्च धरून का? त्यांनी फोन ठेवला. आमच्या शहरातल्याला लिटरचा दर विचारला. म्हणाला, लिटरवर नसतं हो ते. बावीस वर्षांत पहिला पुरवठादार, ज्याला स्वतःच्या मालाचं माप माहीत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार
लहान गाव पक्कं.
लेक दुसऱ्या शहरात शिकते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बाबा, ऑपरेशन आहे ते, सेलमधले बूट नाहीत. भूल कोण देणार ते तरी विचारलंत का? विचारलं होतं. भूल एक्स्ट्रा आहे का, असं विचारलं होतं. आजकालच्या मुलांना पैशाची किंमत नाही.
घासाघीस केली. दुसरा पेशंट आणला तर दोघांनाही दहा टक्के सूट. रिसेप्शनवरचा माणूस मुरलेला आहे, पण मी त्याचा बाप.

१४ सप्टेंबर, शनिवार
दुसरा पेशंट कुठून आणायचा? काडीचं काय काढणार, हाडं? दोन दिवस डोकं खाजवलं आणि एकदम उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!
हिला म्हटलं, तुझंही थोडं उरकून घेऊ. दहा टक्के सुटतात, शिवाय दोघांत एकच खोली. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग माझा शर्ट अर्धवट टाकून आत गेली आणि दार लावून घेतलं.
विचार करतेय. मोठा निर्णय आहे, वेळ द्यायला हवा.

१६ सप्टेंबर, सोमवार
ही भावाकडे गेली, त्या धावणाऱ्या मेहुण्याकडे. मोठी बॅग नेली. ठीकच. ऑपरेशनआधी माणसाला विश्रांती हवी.
माझ्याबरोबर तिच्या नावानेही ॲडव्हान्स भरून टाकला. सरप्राइज.
शर्टाची एक बाही कडक, दुसरी चुरगळलेली. ऑफिसात दिवसभर एक हात खिशात ठेवला.

२१ सप्टेंबर, शनिवार
गेलो. एकटाच. ही फोन उचलत नाही, रेंज नसणार.
हॉस्पिटल पहिल्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. संगमरवर औषधालाही नाही. मन प्रसन्न झालं.
सर्जन साठीच्या बाई. मला उभं केलं, पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली. मग आडवं करून बोटांनी ठोकून पाहिलं, कलिंगड बघतात तसं. म्हणाल्या, तुमची चरबी कातडीखाली नाहीच फारशी. ती आत आहे, आतड्यांभोवती. तिथे नळी घालता येत नाही. मी विचारलं, राजधानीत घालतात का? म्हणाल्या, कुठेच नाही, कितीही पैसे मोजा.
म्हणजे बाहेरून मी बारीकच आहे, असं मी म्हटलं. त्यांनी ब्लड प्रेशर मोजलं. पुन्हा मोजलं. हृदयाच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, याच आठवड्यात दाखवा. आणि तिथे भाव करत बसू नका.
मग विचारलं, दुसऱ्या पेशंट कुठे आहेत? मी सगळं समजावून सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी हे मागितलं होतं का? मी म्हटलं, नाही, सूट मी मागितली होती.
बाई बराच वेळ चष्मा पुसत होत्या.
माझा ॲडव्हान्स परत मिळाला. हिचा मिळायला तिची सही लागते.

२२ सप्टेंबर, रविवार
फोन मेहुण्याने उचलला. नेहमी बडबडतो, आज नुसतं 'देतो' म्हणाला.
हिला आनंदाची बातमी दिली. ऑपरेशन रद्द, आता घाबरायचं कारण नाही, फक्त एक सही हवी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तीन वर्षांपूर्वी माझं पोट उघडलं, गर्भाशय काढलं. तेव्हा बिलात अठरा हजार कमी करून घेतलेत, ते आल्यागेल्याला अजून सांगता. मला एवढंच सांगा, टाके किती पडले?
मी म्हटलं, बघून सांगतो.
ती म्हणाली, बघा.

२५ सप्टेंबर, बुधवार
रजा घेतली. तिच्या ऑपरेशनची फाइल काढली. खोल्यांच्या दरांचा तक्ता आहे. सूट मंजूर केल्याचं पत्र आहे, शिक्क्यासकट. कँटीनच्या पावत्या तारखेनुसार लावल्या आहेत. टाक्यांचं कुठेच काही नाही.
लेकीला फोन केला. तिला माहीत होतं. तेव्हा ती परीक्षा सोडून आली होती, ड्रेसिंग तीच करायची. मला वाटायचं सुट्टी होती. आकडा सांगितला नाही. म्हणाली, बाबा, हे मी नाही सांगणार.
शेवटी तिचं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पेशंटचे आपण कोण? म्हटलं, नवरा.
अहो, मग घरातच विचारा की, म्हणाल्या.
फोन ठेवला. घरात मीच होतो.