अंगणभर काँक्रीट

प्रिय ताईस,

फोनवर नुसताच रडलो. काय झालं ते लिहायचं आठवडाभर टाळलं. तब्येत ठणठणीत आहे. बाळाला दात आले का?

मिस्त्रीच्या हाताखाली एका घरापुढे गाडी लावायला काँक्रीट करायचं होतं. इथला नियम असा, की पाणी मुरायला अर्धं अंगण मातीचंच ठेवायचं. मी शेजारच्या कुत्र्याशी खेळत बसलो आणि मग घाईत सगळंच झाकलं. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, "फोडा." मिस्त्री म्हणाला, "एकट्याने फोड, मगच तोंड दाखव."

आठ दिवस घण मारतोय, हातभरही फुटलं नाही. आत्ताही त्याच अंगणात बसून लिहितोय. माझ्याच्याने कुठलंच काम निभत नाही, ताई. बाबांना कळवू नकोस, "बोललो नव्हतो?" म्हणतील.

थांब, फाटकाशी बाबाच उभे आहेत. मिस्त्रीनेच त्यांना कळवलं म्हणे. खांद्यावर त्यांची पहार आहे. म्हणतात, "सरक."

तुझाच,
धांदरट