फ्लॅशचा डोळा आणि दिनकरचा चेहरा

११ मे १९७५, विटा
आतेभावानं कलकत्त्याहून फ्लॅश आणला. त्याचं तिकडं सोनं गाळायचं दुकान, त्याला यातलं काय कळतंय. विकणारा म्हणाला ऑटोमॅटिक, घेतला. पुढं एक डोळा आहे. समोरून परतणारा उजेड मोजतो, पुरेसा झाला की फ्लॅश आपोआप बंद. माणूस किती फुटांवर उभा ते मोजून कॅमेरा लावायची कटकटच नाही. माझ्या फोटोच्या दुकानात बायकोला बसवून एक काढून बघितला. छान आला. उद्या सखूकाकूच्या दिनकरचं लग्न. थोरला एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्याचा एकही फोटो घरात नाही. काकू म्हणाली, "ह्यो बी मिलिट्रीतच. ह्याचा तरी नीट काढ बाबा."

१२ मे
गोरज मुहूर्त. अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं ऑटोवर. लय ऐटीत काढत होतो. नंतर जोडी मांडवाच्या तोंडाशी उभी केली. मागं मोकळं रान, अंधार पडलेला.

१४ मे
रीळ धुतलं. मेलो.
अंतरपाट झकास आलाय, सूतन् सूत दिसतंय. डोळ्यानं पांढरं कापड बघितलं आणि लगेच फ्लॅश बंद. दिनकरचं तोंड काळंठिक्कर. जोडीचं उलटं. मागचा अंधार बघून डोळा थांबलाच नाही. तोंडं चुना फासल्यासारखी. नाक नाही, डोळे नाहीत.
काकू येऊन गेली. "आलं का रं फोटू?" म्हटलं, अजून धुतले नाहीत.

१५ मे
बायको म्हणाली, "सांगून टाका की. पोरगं महिनाअखेरपर्यंत हाय." दिनकरला बाजूला घेऊन सांगितलं. हसला. "आवं, त्यात काय एवढं? रविवारी या घरला, परत काढा. आईला बोलू नगा." जीव भांड्यात पडला.

१६ मे
दिनकरला रात्रीच तार आली. रजा रद्द. सकाळच्याच गाडीनं निघाला.
स्टँडवर पळत गेलो. दिनकर खिडकीत, मागं गाडीतला अंधार. म्हणजे डोळा परत फसणार, परत चुना. ऑटो बंद केलं. अंतर अंदाजानं धरलं. सहा फूट? आठ? कंडक्टरनं घंटी मारली. एकच काढला. फ्लॅश तयार झाल्याचा लाल दिवा लागला होता का, बघितलंच नाही. गाडी गेली.

१९ मे
तीन दिवस रीळ कॅमेऱ्यातच. धुवायचं धाडस नाही. आज काकू आली. लग्नाचे खराब झालेत, सांगितलं शेवटी. रागावली नाही. मग म्हणाली, "थोरल्याचं तोंड आता आठवंना झालंय रं. त्याला आठवाया गेलं की दिनकरच दिसतोय."
स्टँडवर एक काढलाय म्हटलं, आला की नाही ठाऊक नाही.
"मग हितंच बसते," म्हणाली. बाहेर बाकावर बसली आहे.
मी आत, रीळ धुवायच्या खोलीत आलोय. रीळ काढून घेतलंय. अंधार केल्याशिवाय ते उघडता येत नाही, पण दिवा मालवायला हात धजत नाही.