दुसरं मडकं

प्रिय मरियम्नेताई,

दाजी परवा एकटेच आले. लोकरीचे गठ्ठे उतरवून झाल्यावर हात झटकत म्हणाले, “तुझ्या बहिणीचा गुडघा धरलाय, यंदा काही ती यायची नाही.” मी बरं म्हटलं. पण आत तुझ्यासाठी अंजिरं पानावर मांडून ठेवली होती, ती पाहिली आणि मला रडू आलं. गुडघा दुखत असेलही. पण गेल्या वर्षी निघताना तू उंबऱ्यात जरा जास्तच वेळ उभी राहिलीस, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू आता येणं सोडणार की काय, या धास्तीने दाजींच्याच हाती हे पत्र देते आहे. बाबांनी दोघींना अक्षरं शिकवली आहेत, तेव्हा हे तूच वाच. दाजींना वाचायला लावू नकोस.

नऊ वर्षं तू आपल्या यहुद्यांचा मंडपांचा सण आटोपला की अपामियाहून अंत्युखियाला येतेस आणि माझ्या चुलीवर चढलेलं काही खात नाहीस. अंजिरं, काकडी, मूठभर बदाम. मी चिडवायचे, “ताई, तू पाहुणी म्हणून येतेस की पाखरू म्हणून?” तू म्हणायचीस, “अंजिराला तुमच्या लिसानियासचे अर्थ चिकटत नाहीत, म्हणून अंजीर बरं.” आपण हसायचो. मग तू ओढणीच्या टोकाला बोटं पुसायचीस आणि मी माझं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचे. तुझ्यासमोर मला घास उतरत नसे.

लिसानियासांचा तुला राग आहे, पण माणूस वाईट नाही. रंगारी आहेत, कोपरापर्यंत निळे हात घेऊनच आमच्या ख्रिस्ताच्या मंडळीत शिकवायला उभे राहतात. डुक्कर खाऊ नका असं मोशे म्हणतो, म्हणजे पोट भरलं की धन्याला विसरणाऱ्या आणि भूक लागली की ओरडणाऱ्या माणसांसारखे होऊ नका, हे मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. मला किती हलकं वाटलं होतं म्हणून सांगू. सगळं नियमशास्त्र मडक्यातून उचलून कुणी मनात ठेवावं तसं. तू त्या वर्षी आलीस तशी धावत येऊन तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, “मोशेला माणसांविषयी बोलायचं होतं तर तो डुकराच्या आडून कशाला बोलेल? मिसरच्या फारोला जो घाबरला नाही, तो काय शेजाऱ्यांना घाबरणार होता?” मी रागावले.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. आमच्या मंडळीत ग्लिकेरा नावाची ग्रीक बाई आहे, विधवा, फार प्रेमळ. यहुदी आणि ग्रीक सगळे एका पंक्तीला बसायचं ठरलं, तेव्हा ती माझ्या घरी खारवलेल्या डुकराचा तुकडा घेऊन आली. तिचं मन मोडवेना, आणि खरं सांगायचं तर मला धीटपणाही मिरवायचा होता. घरात मोठं मडकं एकच, आईने माझ्या लग्नात दिलेलं. त्यातच घेवड्याबरोबर तो शिजला. पहिल्यांदा डाव फिरवताना मी तोंड वळवलं. नंतर सवय झाली.

त्याच वर्षी, म्हणजे दहा वर्षांपूर्वी, गव्हाची कापणी झाल्यावर, आई चार दिवस माझ्याकडे आली होती. ती यायच्या आधी मी ते मडकं राखेने तीनदा घासलं. नियम नुसता मनाचा होता, तर मी घासत का होते, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. दुपारी तिला मसूर वाढले. पहिला घास तोंडात घेऊन आई थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग भाकरीने वाटी पुसून सगळं संपवलं आणि म्हणाली, “जिरं छान पडलंय हो.” मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात मडकं धूत होती आणि ते तिच्या हातून पडून फुटलं. मी धावले, तर म्हणाली, “म्हाताऱ्या हातांना धरवत नाही गं आता.” एकेक खापरी स्वतः वेचून तिने वेशीबाहेर नेऊन टाकली. निघताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “नवं मडकं घे. एक नको, दोन घे.” म्हातारपणी हाव सुटली हिला, म्हणून मी हसले आणि एकच घेतलं. त्या थंडीत ती तुझ्या घरी वारली. मी पोहोचले तेव्हा तिला पुरूनही झालं होतं.

गेल्या प्रभूच्या दिवशी लिसानियासांनी मोशेच्या लेवीय पुस्तकातला तो भाग वाचला. तांब्याचं भांडं विटाळलं तर घासून धुवावं, मातीचं मात्र फोडून टाकावं. मग ते अर्थ सांगू लागले, की मातीचं भांडं म्हणजे आपला गर्व. ग्लिकेरा डोळे पुसत होती. मला पुढचं ऐकूच आलं नाही. हा नियम तर आपण दोघींनी आईच्या मांडीवर ऐकलेला. चाळीस वर्षांत जिच्या हातून साधी वाटी फुटली नाही, तिच्या हातून मडकं पडलं आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं. ताई, तिला पहिल्याच घासाला कळलं होतं. लेकीचं तोंड उतरू नये म्हणून ती माउली जन्मभराचं व्रत मोडून जेवली, आणि सकाळी मला एका शब्दानं न दुखवता तिने नियमही पाळला.

आता विचारायचं ते विचारते, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. जाताना आई तुला हे बोलली होती का? बोलली असेल, तर तुझी नऊ वर्षांची अंजिरं मला आत्ता समजली, आणि मला क्षमा कर. बोलली नसेल, तर आता तुला कळलं आहे. हवं तेवढं रागाव, पण इथे येऊन रागाव. मी प्रभूला सोडलेलं नाही, ग्लिकेराचं मांस शिजतं ते मडकंही चुलीवर आहेच. पण आईने सांगितलेलं दुसरं काल कुंभाराकडून आणलं. वरच्या फळीवर तोंडाला फडकं बांधून ठेवलंय, त्यात अजून पाणीसुद्धा घातलेलं नाही. वसंतात वल्हांडणाचा सण झाल्यावर, गुडघा बरा झाला की ये. पहिलं पाणी तू घाल, मसूर तू निवड, चूल तू पेटव. त्या दिवशी मी तुझ्या हातचं जेवेन, भिंतीकडे तोंड न करता.

वाट पाहणारी, तुझीच धाकटी
बेरनिका