लाल मार्चची लकेर

४ जानेवारी
डोरिएटचं गाणं राष्ट्रीय निवडीच्या फायनलला! चाल माझी, तेव्हा नवल ते काय? जिंकली की युरोपच्या स्पर्धेत माल्टातर्फे माझी लेक. लहानपणापासून पोरीचं हेच एक वेड.

६ जानेवारी
परीक्षकांचे गुण अर्धे, फोनची मतं अर्धी. देश तळहाताएवढा. गावात दोन बँड क्लब, आम्ही लाल, ते निळे. गाण्याच्या शेवटी आमचा बँड जत्रेत वाजवतो त्या मार्चची लकेर घातली. सगळे लाल फोनवर तुटून पडणार!
बायकोचं, चेट्टाचं, माहेर निळ्यांचं. म्हणाली, "अहो, काढा ती लकेर. व्हिक्टरदादानं सगळ्या निळ्यांना सांगून ठेवलंय, भाचीलाच मत द्या म्हणून." बायकांना डावपेच कळत नाहीत.

१५ जानेवारी
गाणं रेडिओवर लागलं. संध्याकाळी व्हिक्टर दिसला. हाक मारली, तर पलीकडच्या फुटपाथवर गेला. घाईत असेल.

१९ जानेवारी
दाराच्या कडीला मेलेला मासा, निळ्या फितीनं बांधलेला. शुभेच्छांची जुनी पद्धत असावी.

२३ जानेवारी
भर दुपारी निळ्यांनी बार उडवले. खिडक्या हादरल्या. जत्रा तर उन्हाळ्यात! सराव असेल.
डोरिएट म्हणाली, "पप्पा, मला भीती वाटते. ज्या मामाच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली, तो मला बघून दार लावून घेतो." म्हटलं, मोठ्या कलावंताला शत्रू असायचेच. जेवली नाही. डाएट.

२८ जानेवारी
चेट्टा माहेरी गेली. फायनलपूर्वी घरात शांतता हवीच होती. आता आहे.

२ फेब्रुवारी
काल फायनल. काय गायली पोरगी! परीक्षकांच्या गुणांत पहिली.
पण कार्टीनं आयत्या वेळी लकेर गाळली. तिथं नुसती उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. आमचे लाल भडकले, म्हणे दगा दिला. निळे आधीच पेटलेले. दोघांनी फोनवरून गोझो बेटावरच्या मुलीला मतं दिली. ती जिंकली. गावात प्रथमच लाल-निळ्यांची एकत्र मिरवणूक निघाली, नेमकी आमच्या दारावरून.
सकाळी डोरिएटनं बॅग भरली. म्हटलं, अगं, लकेर म्हटली असतीस तर! ती म्हणाली, "पप्पा, गाणं चांगलं होतं हो. तेवढंच पुरलं असतं."
आईकडे गेली. जाताना दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.